कोलॉइडल की एपिटॅक्सियल: बेळगावात राहून डॉटमधला स्पिन वाचायचा तर

निपाणी, खानापूर, बेळगावकडची एम.एस्सी. झालेली मुलं पीएच.डी.चा विषय ठरवताना मला हे विचारतात. क्वांटम डॉट म्हणजे नॅनोमीटरच्या मापाचा सेमीकंडक्टरचा कण. त्यातल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचं इवलंसं चुंबकत्व, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या पोलरायझेशनवरून वाचायचाय, मग डॉट कुठले घ्यायचे? फ्लास्कमध्ये, द्रावणात बनवलेले कॅडमियम सेलेनाइडचे (कोलॉइडल), की गॅलियम आर्सेनाइडवर एमबीईनं, म्हणजे निर्वात पोकळीत अणूंचे थर चढवून, वाढवलेले इंडियम आर्सेनाइडचे (एपिटॅक्सियल)?

सोय बघितली तर कोलॉइडलला तोड नाही. फ्यूम हूड, हीटिंग मँटल आणि आर्गॉनचा सिलिंडर असला की नमुना आपल्या हातचा. बरं, ते नुसते स्वस्त आहेत असंही नाही. १९९९ मध्येच फॅरेडे रोटेशननं (नमुन्यातून जाणाऱ्या प्रकाशाचं पोलरायझेशन स्पिनमुळं किती वळतं ते मोजून) त्यांच्यात खोलीच्या तापमानाला नॅनोसेकंद टिकणारा स्पिन दिसला होता. शिवाय कॅडमियम-सेलेनियमच्या बहुतेक अणुकेंद्रांना स्पिनच नाही. उलट इंडियम, गॅलियम, आर्सेनिकच्या झाडून सगळ्या केंद्रांना आहे, आणि ती इलेक्ट्रॉनला स्वस्थ बसू देत नाहीत.

एपिटॅक्सियलवाल्यांचे हाल वेगळे. नमुना कुणाकडून तरी मागून आणायचा, ४ केल्व्हिनला, म्हणजे द्रव हेलियमच्या थंडीला, नेल्याशिवाय त्यातून धड काही निघत नाही, आणि हेलियमची वेळ मिळाली की राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडून बेंगळूर गाठायचं. पावसाळ्यात घरचे विचारतात, हितं काय कमी आहे?

तरीही मी तिकडंच गेलो, ते एका वैतागापायी. वुर्टझाइट (षटकोनी स्फटिकरचनेच्या) कॅडमियम सेलेनाइडच्या प्रत्येक डॉटला स्वतःचा अक्ष असतो, आणि काचेवर थेंब सुकवला की हे अक्ष खळ्यावर पसरलेल्या भाताच्या काडांसारखे वाट्टेल तिकडं तोंड करून पडतात. सगळे स्पिन चुंबकीय क्षेत्रानं पूर्ण वळवले तरी अशा नमुन्याचं वर्तुळाकार पोलरायझेशन, म्हणजे डाव्या आणि उजव्या फिरकीच्या प्रकाशातली तफावत, १ पैकी ०.७५ च्या वर जात नाही. मग ०.२ आलं की बसा डोकं खाजवत: स्पिन मेला, अक्ष तिरके आहेत, की स्पेक्ट्रोमीटरच्या ग्रेटिंगनं एक दिशा खाल्ली? ग्रेटिंगचा बंदोबस्त होतो. स्लिटपुढं पोलरायझर पक्का बसवायचा आणि क्वार्टर-वेव्ह प्लेट फिरवायची. अक्षांना कोण समजावणार? एकेक डॉट वेगळा बघता येतो म्हणा, पण तो मध्येच विझतो, मध्येच पेटतो.

इंडियम आर्सेनाइडमध्ये वाढीची दिशा सगळ्यांची एकच, आणि आपण प्रकाशही त्याच दिशेनं गोळा करतो. मात्र न्यूट्रल एक्सायटॉनच्या (एक इलेक्ट्रॉन आणि एक होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, यांच्या जोडीच्या) नादी लागू नका. डॉट थोडा लांबट असतो, त्यामुळं त्याच्या दोन पातळ्यांत फट पडते. ४० मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टची फट धरली तर ०.१ नॅनोसेकंदात वर्तुळाकार पोलरायझेशनचा एक फेरा होतो, आणि एक्सायटॉनचं आयुष्य साधारण १ नॅनोसेकंद. सरासरीत हाती जवळजवळ शून्य. त्यापेक्षा ट्रायॉन घ्या, म्हणजे एक जादा इलेक्ट्रॉन असलेला एक्सायटॉन. दोन इलेक्ट्रॉनांची जोडी जमली की ही फट राहत नाही, आणि प्रकाश सिग्मा प्लस की मायनस (वर्तुळाकार पोलरायझेशनच्या दोन उलट दिशा) यावरून होलचा स्पिन सरळ कळतो.

तुमच्या गाइडकडं रसायनाची लॅब असेल आणि फॅरेडे रोटेशनची सोय जवळ असेल, तर कोलॉइडल वाईट नाहीत. पेपर बहुधा लवकर होईल. पण फोटोल्युमिनेसन्सवरच (लेझर पाडल्यावर डॉटमधून निघणाऱ्या प्रकाशावरच) सगळी भिस्त असेल, तर नमुना मागतानाच त्यात जादा इलेक्ट्रॉन भरण्यासाठी डोपिंग (मुद्दाम घातलेली भेसळ) किंवा गेट (व्होल्टेज द्यायचा इलेक्ट्रोड) आहे का ते विचारून घ्या, आणि हेलियमसाठी नाव आत्ताच लावून ठेवा.