फिटसाठी मेंदूचा एमआरआय: पुण्यातील एका स्कॅन केंद्राविषयी

धाकट्या भावाला अधूनमधून फिट येत असल्याने मेंदूविकारतज्ज्ञांनी 3 टेस्ला (टेस्ला हे चुंबकशक्तीचे एकक) यंत्रावर ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ने, म्हणजे फिटचे कारण शोधण्याच्या खास पद्धतीने, एमआरआय करण्यास सांगितले, आणि त्यासाठी आम्ही पुण्यातील एका खासगी केंद्रात गेलो. दर्शनी भागात 3 टेस्लाची जाहिरात ठळक आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे साठ हजार पट शक्तीचे हे यंत्र चित्रे सुस्पष्ट देते यात वाद नाही. परंतु निदानाच्या दृष्टीने चित्रे कशी आणि कोणत्या भागाची काढली जातात, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

येथेच या केंद्राची उणीव दिसली. काउंटरवर चिठ्ठी न वाचताच ‘एमआरआय ब्रेन प्लेन’, म्हणजे मेंदूच्या नेहमीच्या साध्या तपासणीची, पावती फाडण्यात आली. नेहमीच्या तपासणीत मेंदूचे काप साधारण पाच मिलिमीटर जाडीचे असतात, तर फिटच्या रुग्णात कानशिलामागच्या भागातील हिप्पोकॅम्पस आक्रसला आहे का, हे पाहण्यासाठी त्याच्या लांबीला काटकोनात घेतलेले पातळ काप लागतात. ते घेतले नाहीत, तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊनही दोष निसटू शकतो. आम्ही हरकत घेतल्यावर रेडिओलॉजिस्ट स्वतः बाहेर आले, चिठ्ठी वाचली आणि पावती बदलून दिली. मात्र हरकत घेण्याइतकी माहिती प्रत्येक नातेवाइकाला असेलच असे नाही.

यंत्राच्या खोलीतील व्यवस्था मात्र वाखाणण्याजोगी आहे. यंत्र थांबलेले असतानाही त्यातील चुंबक चालूच असतो, हे ओळखून तंत्रज्ञ बाईंनी आधीच्या आजींची जोडवी, मंगळसूत्र, अगदी पदराची पिनसुद्धा स्वतः तपासून काढून घेतली आणि पेसमेकर किंवा शरीरात धातूची क्लिप आहे का, हे मराठीत दोनदा विचारले. यंत्राच्या वेटोळ्यांतील वीजप्रवाह झपाट्याने बदलताना जी ठकठक होते, तिची कल्पना भावाला आधीच दिली, कानात बोळे घातले आणि हातात घंटीचा फुगा (दाबला की तंत्रज्ञांना इशारा मिळतो) ठेवला. तपासणी बरीच लांबली, तरी तो घाबरला नाही.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. भाषा नेमकी होती आणि हिप्पोकॅम्पसविषयी स्वतंत्र परिच्छेद होता. फिल्मसोबत सीडी मात्र मागितल्यावरच दिली. ती अवश्य घ्यावी, कारण फिल्मवर निवडक कापच छापतात आणि मेंदूविकारतज्ज्ञांना सगळे काप सरकवून पाहायचे असतात.

ठरवून करायच्या तपासणीसाठी मी हे केंद्र सुचवीन, फक्त पैसे भरण्यापूर्वी पावतीवरील तपासणीचे नाव चिठ्ठीशी ताडून पाहावे. अचानक तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, म्हणजे पक्षाघाताची शंका आली, तर मात्र येथे येऊ नये. अशा वेळी रक्तस्राव आहे की गुठळी, हे सीटी स्कॅन काही मिनिटांत दाखवते, आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ती सोय रुग्णालयातच असते.