पायाचं फ्री स्कॅनिंग करून बुटात घालायचे सोल विकणाऱ्यांपासून भरतीच्या पोरांनी सावध राहा

लातूर, उदगीर, अहमदपूरकडं पोलीस भरतीची तयारी करणारी जी पोरं आहेत त्यांनी आन त्यांच्या घरच्यांनी हे वाचाच. माझ्या धाकट्या भावासोबत झालंय.

भरतीला 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदात मारलं तरच 20 पैकी 20 मार्क पडतात, त्यामुळं पोरं पहाटं उठून डांबरी रोडवर पळतात, बूट असतात बाजारातले डुप्लिकेट, मग पाय दुखणारच. भावाचा उजवा पाय पंज्याच्या वरून दुखायला लागला होता. त्याच टायमाला ग्राउंडच्या गेटजवळ एकांनी टेबल लावलं, बोर्ड ‘फ्री फूट चेकअप’, पांढरा ॲप्रन घातलेला माणूस आन त्याला सगळे डॉक्टरसाहेब म्हणणारे दोन पोरं. काचेच्या मशीनवर उभं केलं, खालून हिरवी लाईट, लॅपटॉपवर लाल-पिवळे पाय दिसले. म्हणाला, “तुमचा फ्लॅट फूट आहे, मॅग्नेटवाला सोल घाला, पळणं बंद करू नका, सोल सेट होईपर्यंत दुखतंच.” साडेसहा हजार घेतले, तेही नगदी. बिल मागितलं तर म्हणे कुरिअरनी येतंय. ते अजून आलेलं नाही.

पैसे गेले ते गेले, पण ‘पळणं बंद करू नका’ हे जे सांगितलं त्याचा मला जास्त राग आहे. भाऊ गोळ्या खाऊन पळत राहिला, शेवटी पाय टेकवना. सरकारी दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरांनी पंज्याच्या दुसऱ्या बोटामागचं हाड एका बोटानं दाबलं तर पोरगं ओरडलंच. स्ट्रेस फ्रॅक्चर. सैन्यात नव्यानं भरती झालेल्यांना पूर्वीपासून होतं म्हणून याला मार्च फ्रॅक्चरबी म्हणतात. पळणं एकदम वाढवलं की हाडाला भरून यायला वेळच मिळत नाही आन त्याला बारीक चीर जाते, पहिले दोन-तीन आठवडे ती एक्सरेत बऱ्याचदा दिसतबी नाही. डॉक्टर म्हणाले दुखायला लागलं तेव्हाच थांबला असता तर सहा-आठ आठवड्यात भरून आलं असतं, आता जास्त लागणार. म्हणजे यावेळची मैदानी चाचणी गेली. वर्षभर राबलेल्या लेकराला हे सांगताना काय वाटतं ते ज्याच्या घरात भरतीचं पोरगं आहे त्यालाच कळंल.

मग मी खोलात गेलो. भावाच्या दोन मित्रांनीबी तिथंच सोल घेतलेले, तिघांचे रिपोर्ट फरशीवर शेजारी शेजारी ठेवले तर चित्र तेच, आकडे तेच, डाव्या पायाखालचा तो एक लाल ठिपकासुद्धा त्याच जागी, बदललं होतं फक्त नाव. तिघांना ओल्या पायानं शहाबादी फरशीवर उभं केलं, भावाच्या तळव्याची कमान स्पष्ट उमटली, मधी कोरडी जागा सोडून. त्याचा पाय सपाट नाहीच! सोलचं वरचं रेग्झिन ब्लेडनं सोडवलं तर खाली साधा फोम आन फ्रिजवर चिटकवतात तसली दोन चुंबकं. चुंबकाच्या सोलनं टाचदुखीत काही फरक पडत नाही हे अमेरिकेत 2003 सालीच तपासून झालंय.

चांगला सोल काही पायांना लागतोच, मी नाही म्हणत नाही, पण तो पाय हातात घेऊन तपासणाऱ्यानं सांगावा. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच दुखणं वेगळं, आन एकाच हाडावर बोट ठेवलं की कळ येणं वेगळं. दुसऱ्यात पळणं त्याच दिवशी बंद करा आन हाडाचा डॉक्टर गाठा. ॲप्रनवाल्याला रजिस्ट्रेशन नंबर विचारा, बिल हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

मी ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली आहे, आता जिल्हा ग्राहक आयोगात टाकतोय, तिथं 5 लाखापर्यंत फी लागत नाही आन दोन वर्षांच्या आत टाकता येतं. बिल नसल्यामुळं आमच्याकडं पुरावा म्हणजे हे तीन सारखे रिपोर्ट आन फाडलेला सोल, एवढंच. तुमच्याकडं असलाच रिपोर्ट असंल तर फेकू नका, फोटो काढून ठेवा आन मला कळवा, जेवढे जास्त रिपोर्ट जोडता येतील तेवढी तक्रार पक्की होईल.