परसदारचा डेक: सांगाड्याचे काम चोख, फळ्यांबाबतचा सल्ला अपुरा

घरामागच्या मोकळ्या जागेत डेक, म्हणजे सांगाड्यावर फळ्या बसवलेला उघडा ओटा, उभारण्याचे काम आम्ही आराखड्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत एकाच कंत्राटदाराकडे सोपवले होते. ऊन, पाऊस आणि थंडी यांतून डेक तावून सुलाखून निघाल्यावरच हा अभिप्राय लिहीत आहे, कारण नवा असताना कोणताही डेक देखणाच दिसतो.

पहिल्या भेटीत त्यांनी फळ्यांचे नमुने काढले नाहीत. जमिनीचा उतार, पावसाच्या पाण्याची वाट आणि घराच्या भिंतीचे बांधकाम आधी पाहिले. नंतर दिलेल्या आराखड्यात खांबांच्या जागा, पायाची खोली, तुळयांची मापे आणि वाशांमधले अंतर स्पष्ट नोंदलेले होते. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणातून तयार होणारी कंपोझिट फळी अस्सल लाकडाइतकी ताठ नसते, त्यामुळे वाशांमध्ये साधारण ४०० मिलिमीटर आणि फळ्या तिरप्या बसवायच्या असतील तर ३०० मिलिमीटर अंतर ठेवावे लागते, हे त्यांनी आपणहून समजावून सांगितले.

सर्वांत समाधान वाटले ते घराच्या भिंतीला जोडलेल्या तुळईच्या कामाने. डेक कोसळण्याच्या घटनांत हाच जोड निखळल्याचे वारंवार आढळते. तुळई नुसत्या खिळ्यांवर ठोकलेली असली आणि तिच्यामागे पाणी मुरून लाकूड कुजले, की वजनाच्या ओढीने खिळे सरळ उपटून येतात. येथे गिलाव्यावर विसंबून न राहता भिंतीच्या मूळ बांधकामात पक्के बसणारे जाड बोल्ट वर-खाली आलटून पालटून लावले आणि भिंतीत खोचलेला गंजरोधक पत्रा तुळईच्या माथ्यावरून पुढे वाकवला, जेणेकरून ओघळणारे पाणी मागे न शिरता बाहेर पडेल. फळ्या बसल्यावर यातले काहीही दिसत नाही, म्हणून त्याआधी त्यांनी आम्हाला बोलावून सारा सांगाडा दाखवला, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

त्यांच्या सुताराची एक सवय मुद्दाम नोंदवावीशी वाटते. प्रत्येक वासा उचलून तो एका टोकाकडून डोळा लावून पाहत असे, बाक कोणत्या अंगाला आहे ते पेन्सिलीने खुणावत असे आणि बाक वर ठेवूनच वासा बसवत असे, कारण वजन पडल्यावर असा वासा सरळीकडे येतो. कापलेल्या प्रत्येक टोकाला संरक्षक द्रावणही लावले जात होते. पायऱ्या आणि कठडा यांचे काम नीटनेटके आहे.

तक्रार आहे ती फळ्यांच्या रंगाविषयी. गडद तपकिरी छटेची त्यांनी भरभरून शिफारस केली, पण अशी फळी कडक उन्हात किती तापते याचा उल्लेखही केला नाही. आमच्या डेकवर दिवसाचा बराच वेळ थेट ऊन येते आणि भर दुपारी तेथे अनवाणी उभे राहवत नाही. जो कंत्राटदार मातीचा आणि पाण्याचा इतका बारकाईने विचार करतो, त्याने उन्हाचाही करायला हवा होता. शिवाय या फळ्यांना देखभाल लागत नाही, हे त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. वाळवीची आणि दरवर्षीच्या तेलपाण्याची चिंता मिटते, परंतु फटींत पालापाचोळा साचून ओल टिकली की पृष्ठभागावर बुरशीचे डाग येतात आणि ते ब्रशने घासून धुवावेच लागतात.

सांगाड्याच्या कामासाठी मी या कंत्राटदाराची निःसंकोच शिफारस करेन. रंग ठरवताना मात्र गडद आणि फिकट अशा दोन्ही छटांचे तुकडे मागून घ्यावेत, डेकच्या नियोजित जागेवर भर दुपारच्या उन्हात ठेवावेत आणि हात लावून पाहिल्यावरच मागणी नोंदवावी.