शुश्रूषागृह पाहायला जाताना: कळवून की अचानक?

इंदूरच्या लोकमान्यनगर, राजेंद्रनगरकडच्या कितीतरी घरांतली मुलं पुण्या-बंगळुरूला. आईसाठी जागा निवडायची ती दोन दिवसांच्या सुट्टीत.

कळवून गेलात तर व्यवस्थापक भेटतो आणि कागद बघता येतात: उपचारही होत असतील तर मध्यप्रदेशच्या 1973 च्या उपचर्यागृह कायद्याखालची नोंदणी, तिची मुदत, डॉक्टरांच्या फेऱ्यांची वही. त्या दिवशी चादरी पांढऱ्याशुभ्रच असणार, त्यावर जाऊ नका.

अचानक जायचं तर सायंकाळी, पाळी बदलून झाल्यावर. रात्री किती माणसं आहेत ते तेव्हाच कळतं. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलण्याच्या तक्त्यावर साधारण दर दोन तासांची नोंद हवी; आठ वाजताच सकाळपर्यंतचे रकाने भरलेले असतील तर तो तक्ता भिंतीची शोभा आहे. तुमचंच माणूस तिथे असेल तर टाचा आणि माकडहाड बघा. लालसर डाग बोटाने दाबून फिका पडत नसेल तर शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली समजा. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकलेली हवी, पण फरशीला टेकलेली नको. जंतुसंसर्ग तिथूनच वर चढतो. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत हवं, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलं की ते फेकायचंच.

अचानक गेलात तर दारातूनच परत पाठवतील, हीही शक्यता आहे. इतरांच्या खोल्यांत डोकावू नये, हे त्यांचं कारण रास्त. पण स्वतःच्या आईला भेटू देत नसतील तर कागद कितीही चोख असोत, दुसरी जागा बघा.