सायकलसाठी खडे चढ शोधताना : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, घाईत असलेल्यांची सोय होईल. पुण्याच्या आसपास रोड बाइकवर (बारीक टायरच्या सायकलवर) चढायला लांबलचक घाट हवे असतील, तर सेगमेंट (सायकलवाल्यांच्या वेळा मोजायला ठरवलेले रस्त्याचे तुकडे) दाखवणारं कुठलंही ॲप पुरतं, तेही फुकटातलं. पण खडे चढ हवे असतील, म्हणजे दहा टक्क्यांच्या पुढचे (शंभर मीटर पुढे जाताना दहा मीटरहून जास्त उंची), डांबर किंवा सिमेंट असलेले आणि ऑफिसच्या आधी उरकता येतील असे, तर ॲप निम्म्या वाटेवर हात टेकतं. पुढचं काम सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा, गूगल अर्थ आणि गावातली माणसं करतात. गेल्या दिवाळीपासून मी हे सगळं आलटूनपालटून वापरतोय, त्याचा हा अनुभव. ॲपांची नावं घेऊन उणीदुणी काढत नाही. जे दोष सांगणार आहे ते कुणा एकाचे नाहीत.

"सिंहगड आहे ना, मग शोधायचं काय?" हा प्रश्न सायकलवाल्यांच्या ग्रुपवर येतोच. सिंहगड आहे, आणि झकास आहे. गोळेवाडीपासून पार्किंगपर्यंत साधारण नऊ किलोमीटर, उंची सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी साडेसहा टक्के धरा. पण शनिवार-रविवारी आठ वाजले की गाड्यांची रांग, वळणावर मागून हॉर्न, जळक्या क्लचचा वास. पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद. शिवाय दर रविवारी सिंहगड केला की पाय सिंहगडापुरते तयार होतात. साडेसहा टक्क्यांना बसून, एका लयीत जाता येतं. बारा टक्क्यांना ती लय मोडते, आणि पाबे घाटात किंवा टेमघर धरणाकडून लवासाला चढताना नेमकं हेच नडतं. म्हणून मला छोटे, उभे, पुन्हा पुन्हा करता येतील असे चढ हवे होते.

ॲपमध्ये सगळे जण पहिल्यांदा बघतात ती चढाची कॅटेगरी. स्ट्राव्हा या ॲपचं सूत्र जाहीर आहे : लांबी मीटरमध्ये, चढ टक्क्यांत, दोन्हींचा गुणाकार. तो ८,००० च्या वर गेला की कॅटेगरी ४, मग १६,०००, ३२,०००, ६४,००० ला ३, २, १ आणि ८०,००० च्या वर 'एचसी', म्हणजे सगळ्यात वरची. सरासरी किमान ३ टक्के हवी. आता हे कागदावर मांडून बघा. लांबी गुणिले टक्के म्हणजे शेवटी एकूण उंचीच, फक्त शंभरपट. खडेपणा त्यातून उडून गेला! २१ किलोमीटर ४ टक्क्यांनी जाणारा संथ रस्ता ८४,००० भरतो आणि एचसी होतो. ५०० मीटरचा १५ टक्क्यांचा चढ ७,५०० वर अडतो आणि त्याला कॅटेगरीच मिळत नाही. मोठ्या डोंगरांची प्रतवारी करायला सूत्र उत्तम आहे. माझ्या कामासाठी मात्र ते उलटं वापरावं लागतं : कॅटेगरी नसलेले, तीनशे ते आठशे मीटरचे सेगमेंट आधी उघडायचे. त्यातही नावात 'वॉल' किंवा 'किलर' असेल तर जरूर उघडायचे. कुणाचा तरी जीव मेटाकुटीला आल्याशिवाय तशी नावं पडत नाहीत.

सरासरीचं दुखणं वेगळंच. तीन किलोमीटरचा रस्ता : पहिला किलोमीटर १२ टक्के, दुसरा सपाट, तिसरा ४ टक्के. एकूण १६० मीटर, सरासरी ५.३. यादीत तो अगदी गरीब दिसतो. त्यामुळे यादीवर विसंबायचं नाही, उंचीचा आलेख उघडून बघायचा.

आणि इथेच खरी गंमत सुरू होते, कारण आलेखही डोळे झाकून मानण्यासारखा नसतो. यातल्या बहुतेक साधनांच्या मुळाशी उपग्रहाने किंवा अवकाशयानाने मोजलेली उंची असते. त्यातली सर्वांत प्रसिद्ध माहिती फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने गोळा केली. तिच्यातला एक चौकोन साधारण ३० मीटरचा, तेवढ्या जागेला उंचीचा एकच आकडा. मैदानात याने काही बिघडत नाही. पण आपल्याकडचा घाटरस्ता म्हणजे डोंगराच्या कुशीत कोरलेली सात-आठ मीटरची पट्टी; एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. डोंगराचा उतार ६० टक्के असेल आणि नकाशावरची रेघ प्रत्यक्ष रस्त्यापासून १० मीटर सरकलेली असेल, तर उंचीत ६ मीटरची चूक. पन्नास मीटरच्या तुकड्यात ही चूक शिरली की नसलेला १२ टक्के चढ तयार! पाच टक्क्यांच्या सरळसोट घाटात मध्येच २८ टक्क्यांचा सुळका दिसतो तो असा. हेअरपिन वळणांवर हे हमखास.

याला माझा एक उपाय आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. सेगमेंटच्या यादीत पहिल्या आलेल्याचा सरासरी वेग बघायचा आणि त्याला चढाच्या टक्क्यांनी आणि मग दहाने गुणायचं. तासाला किती मीटर उभी उंची चढला ते कळतं. जगातले अव्वल रेसर मोठ्या घाटांत तासाला १,७०० ते १,८०० मीटरच्या आसपास चढतात. आपल्याकडचा तगडा क्लब रायडर १० टक्क्यांवर १२ च्या वेगाने गेला तर १,२०० होतात, मानण्यासारखं आहे. पण एखाद्या किलोमीटरभराच्या '१४ टक्के' चढावर पहिला नंबर २५ च्या वेगाने गेलेला दिसला तर हिशेब ३,५०० येतो. एक तर तो मोटारसायकलवर होता, नाहीतर ते १४ टक्के खोटे आहेत. अगदी छोट्या तुकड्यात जोरात मुसंडी मारून आकडा वाढतो, तेवढी सूट द्यायची.

सायकल कॉम्प्युटरमध्ये बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची काढणारा) असेल तर प्रत्यक्ष चढताना दिसणारे टक्के बरेच विश्वासू असतात. हवेच्या दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे समुद्रसपाटीजवळ साडेआठ मीटरच्या आसपास उंची, त्यामुळे ढग भरून आले की एकूण उंचीचा आकडा हळूहळू सरकतो. पण पाच मिनिटांच्या चढाला त्याने फरक पडत नाही. फक्त आकडा दोन-चार सेकंद मागून येतो. आपण वळण ओलांडून दम खात असतो, तेव्हा तो १६ दाखवतो.

आता माझ्या आवडीचं साधन : कागदी नकाशा. तो मी पीडीएफ म्हणूनच वापरतो, पण तरी कागदीच म्हणू. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे ओपन सिरीज नकाशे नोंदणी करून उतरवून घेता येतात. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि आपल्या डोंगराळ भागात दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटर. झालं, एवढंच लक्षात ठेवायचं. रस्त्याची रेघ दोन सेंटिमीटरमध्ये तीन रेषा ओलांडते तर ६ टक्के, पाच ओलांडते तर १०, सहा ओलांडते तर १२. वळणावळणाच्या रस्त्यावर पट्टी चालत नाही. मी शिवणकामाचा दोरा छापील नकाशावर रस्त्याबरहुकूम ठेवतो, टोकांना शाईने खूण करतो आणि मग दोरा सरळ करून मोजतो. घरच्यांना हे रिकामटेकडेपण वाटतं. पण ॲपला जो चढ माहीतच नाही, कारण तिथून कुणी सायकल नेलेलीच नाही, तो असाच सापडतो. नवे रस्ते या नकाशांवर नसतात, म्हणून तीच जागा गूगल अर्थवर उघडायची, रस्त्यावर रेघ ओढायची आणि आलेख काढायचा. अचूकतेची मर्यादा तीच, पण डांबर आहे की मुरूम, हे वरून दिसतं.

आता रेघा कुठे शोधायच्या? मोठ्या घाटांत खडे चढ शोधणं बहुतेक वेळा वाया. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे तीव्र उताराच्या भागातही नेहमीचा चढ ६ टक्के, मर्यादा ७ आणि अगदीच इलाज नसेल तिथे ८. जुने घाट तर त्याहून सौम्य, कारण ते बैलगाड्यांसाठी काढलेले. वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी घाट पाच टक्क्यांच्या आसपास राहतो, गप्पा मारत जाता येतो. दिवे घाटही तसाच, आणि तरी आषाढी वारीत माउलींच्या रथाला तिथे जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात. (वारीच्या दिवसांत आपली सायकल तिकडे न्यायची नाही, हे सांगायला नको. एरवीही तिथली अवजड वाहतूक मला झेपत नाही.) रेल्वे तर आणखी बुजरी. १९०७ ची नेरळ-माथेरानची छोटी गाडी १ ला २० चा चढ (२० मीटर पुढे, तर १ मीटर वर) धरून २१ किलोमीटर वळसे घेते. दस्तुरी नाक्यापर्यंतचा मोटारीचा रस्ता तोच डोंगर आठेक किलोमीटरमध्ये चढतो. मुंबईकरांनी खडा चढ म्हणजे काय ते तिथे बघावं, पण टॅक्सीवाले उतरायला लागण्याच्या आत.

निकष न बघता काढलेले रस्ते कुठले? देवळाचे, पवनचक्क्यांचे, पाण्याच्या टाकीचे, टॉवरचे आणि गडांचे. तिथे कुणालाही ट्रक रोज न्यायचा नसतो, जागा कमी, पैसा कमी, म्हणून रस्ता सरळ डोंगरावर चढवलेला असतो. बोपदेव घाट स्वतः मध्यम आहे. पण तो संपल्यावर बोपगावातून कानिफनाथाकडे वळा, मग बोलू. यवतच्या बाजूने भुलेश्वर, शेवटचा तुकडा. कोल्हापूरकरांना जोतिबा, सातारकरांना सज्जनगड आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. शहरात तळजाई आणि पंचवटीतून एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे जाणारा रस्ता, दोन्ही छोटे, पण कामाच्या आधी चार-पाच फेऱ्या मारायला छान.

हीटमॅप, म्हणजे लोक जिथून जास्त जातात ते रस्ते जास्त उजळ दाखवणारा ॲपमधला नकाशा, या कामात वेगळ्या नजरेने बघावा. जाड, उजळ रेघा सोडून द्या. तो सिंहगड, लवासा, बोपदेव, सगळ्यांना माहीत असलेला. एखादी फिकट रेघ टेकडीच्या माथ्यापर्यंत जाऊन तिथेच संपत असेल, तर वर बहुतेक देऊळ आहे आणि कुणीतरी एक-दोनदाच जाऊन पुन्हा गेलेला नाही. ही लक्षणं चांगली. फक्त सायकलचाच थर लावा, नाहीतर ट्रेकर्सच्या पायवाटा रस्ते म्हणून समोर येतात.

शेवटची खात्री माणसं करतात, पण प्रश्न नीट विचारावा लागतो. "चढ किती आहे?" याला उत्तर "लई नाय" असंच मिळतं. "एसटी जाते का?" विचारा. जात असेल तर चढ आपल्याला हवा तेवढा नसतो. वेल्ह्याच्या बाजूला एका वाडीत पारावर बसलेल्या आजोबांना मी वरच्या देवळाच्या रस्त्याबद्दल विचारलं. त्यांनी आधी सायकलचे बारीक टायर अंगठ्याने दाबून बघितले, मग म्हणाले, "पाव्हणं, आमचा ट्रॅक्टर ट्रॉली भरून नाय जात वर. रिकामी न्यायची अन् दगडं वरनंच भरायची." मी लगेच पाणी भरून घेतलं. वर सिमेंट होतं, आडव्या खाचांचं, आणि मधल्या वळणावर बॅरोमीटरने १९ दाखवले. उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक खाचेत घसरत होतं, बसून मारलं की पुढचं उचलत होतं. मग हँडलवर छाती टेकवून, सीटच्या टोकावर बसून कसाबसा निघालो. कुठल्याही ॲपवर हा चढ नाही, आणि मीही टाकणार नाही.

गिअरचं थोडक्यात, कारण याशिवाय शोधून उपयोग नाही. पुढे ३४, मागे ३२ दात, पॅडलचे मिनिटाला ६० फेरे म्हणजे वेग तासाला ८ किलोमीटर. माणूस-सायकल मिळून ८५ किलो असतील तर १२ टक्क्यांवर त्या वेगाला २३० ते २४० वॉट लागतात. मागे २८ दातच असतील तर तेवढ्याच फेऱ्यांना वेग ९.२ होतो आणि वॉट २६५ च्या पुढे जातात. तेवढे नसतील तर फेरे कमी होतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. सुट्या चाकांवर किंवा हलक्या फ्रेमवर पैसे घालण्याआधी ३२ किंवा ३४ ची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) घ्या. डिरेलरला (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ती चालते का, हे दुकानात विचारून.

उतरण्याचा विचार चढ निवडतानाच करायचा, कारण हे सगळे रस्ते वर जाऊन संपतात आणि त्याच वाटेने खाली यावं लागतं. पावसाळ्यानंतर वळणांच्या आतल्या बाजूला बारीक खडी साचते, सावलीतल्या सिमेंटवर शेवाळ मार्गशीर्षापर्यंत टिकतं. म्हणून नवा चढ मी पहिल्यांदा कोरड्या दिवसांत करतो आणि वर जातानाच खड्डे, आडवे पाइप, कुत्री कुठल्या घरापाशी आहेत हे बघून ठेवतो. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) असतील तर ते सलग दाबून ठेवायचे नाहीत. दोन्ही ब्रेक थोडा वेळ जोरात दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. कार्बनच्या रिम आणि रिम ब्रेक अशी जोडी असेल तर या रस्त्यांना साधी ॲल्युमिनियमची चाकं लावून जा.