उद्यम नोंदणी: फुकट आणि सोपी, पण नावाचं काम वेगळं

मी कापडी पिशव्या शिवते. धंदा माझ्या नावावर, मदतीला जाऊबाई. ओळखीतल्या ऑर्डरींना कागदपत्रं लागत नाहीत, पण एका दुकानदाराने घाऊक माल मागताना नोंदणी विचारली, म्हणून उद्यम पोर्टलवर, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर बसलो. ही सेवा मला मनापासून आवडली.

सगळ्यात आधी हे सांगते: सरकारी पोर्टलवर एक पैसाही लागत नाही. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना, तेवढं बघा. सर्चमध्ये हुबेहूब सरकारी वाटणारी खासगी पानं वर येतात आणि याच फुकटच्या कामाचे पैसे मागतात. जाऊबाईंच्या मैत्रिणीने असेच पैसे भरले, याचं मला फार वाईट वाटतं.

आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. एकही कागद अपलोड करावा लागत नाही, माहिती तुमच्या शब्दावर घेतात. वेळ जातो तो एनआयसी कोड, म्हणजे आपल्या धंद्याच्या प्रकाराचा सरकारी क्रमांक, निवडण्यात. पाच आकडी कोडच्या त्या यादीत आपलं काम नेमकं कुठे बसतं, हे शांतपणे शोधा. उत्पादन की सेवा की व्यापार, हा फरक महत्त्वाचा आहे. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २०२१ पासून नोंदणी मिळते, पण लाभ फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या, म्हणजे बँकांनी ठरावीक क्षेत्रांना द्यायच्या, कर्जापुरता. उत्पादकाचं बिल थकलं तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला लावणारा कायदा पाठीशी उभा राहतो, आणि माझ्यासारखीला तोच मोठा आधार आहे.

आता नाव. उद्यम प्रमाणपत्रावर नाव छापून आलं म्हणजे ते आपल्या मालकीचं झालं, असं खूप जण धरून चालतात. तसं नाही. त्यासाठी ट्रेडमार्क, म्हणजे नावाच्या हक्काची नोंदणी, वेगळा घ्यावा लागतो. बोर्ड रंगवण्याआधी ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात जा, मालाच्या प्रकारांच्या यादीतून पिशव्यांसाठी वर्ग १८ निवडा आणि 'फोनेटिक', म्हणजे उच्चारावरून होणारा, शोध नक्की करा. आमच्या मनातलं पहिलं नाव वेगळ्या स्पेलिंगने तिथे आधीच होतं. उच्चार तोच! साध्या शोधात ते दिसलंच नव्हतं. दुसरं नाव मोकळं निघालं. ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, व्यक्तीला आणि लघुउद्योगाला. मोठ्या कंपन्यांना ९,०००. छोट्या धंद्याला ही रक्कम जड आहे, तरी लेबलं छापायला टाकण्याआधी मी ती भरली.

उद्यमला पाचपैकी पाच.