दोनशे अँपिअरच्या बॅटरीत शहाबादी फरशी

पहाटे साडेतीनला पाणी प्यायला उठले तेव्हा आमच्या फिरत्या घराच्या, म्हणजे गाडीच्या, बॅटरीच्या मीटरवर 72 टक्के दिसत होते. चारच्या सुमाराला फ्रिजची घरघर थांबली, दोन्ही पंखे गप झाले आणि मीटरही काळा पडला. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. तुळजापूरला दर्शन करून आम्ही नळदुर्गच्या किल्ल्याजवळ मुक्काम केला होता. हवा हलत नव्हती. फ्रिजमध्ये यांचं इन्सुलिन होतं.

फसवणुकीची गोष्ट इथून सुरू होत नाही, पण आम्हाला ती कळली इथे.

आधी आमच्याबद्दल थोडं. मी अंबाजोगाईची, जिल्हा परिषदेच्या शाळेत 28 वर्षं गणित-विज्ञान शिकवलं. हे एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून एक जुनी ट्रॅव्हलर घेतली, सीट काढल्या, पलंग, ओटा, छोटं बेसिन बसवलं आणि नोव्हेंबरात निघालो. गोकर्ण, कन्याकुमारी, रामेश्वरम्, मग किनाऱ्याकिनाऱ्याने थेट पुरी. हैदराबादवरून मार्चअखेर घरी. लोकांनी येड्यात काढलं, पण ते पाच महिने आम्ही कशालाच बदलून देणार नाही.

गाडी मात्र थकून आली. तमिळनाडूत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात असतो हे मी मुलांना शिकवलेलं, पण टपावरच्या पंख्याभोवतीचं सीलंट तडकलंय हे तिथे पलंगावर पाणी टपकायला लागल्यावर कळलं. समुद्राच्या खाऱ्या हवेने मागच्या चाकांवरचा पत्रा गंजला. बेसिनखालची प्लाय फुगली. जुनी ट्युब्युलर बॅटरी तर चेन्नईच्या पुढे नावालाच उरली होती. म्हटलं, आता एकदाच नीट करून घेऊ.

संभाजीनगरला एक जण फक्त अशाच गाड्या करतो असं कळलं. नाव सांगत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पोरगा तिशीतला, बोलायला गोड. चहा पाजला, यांच्या पाया पडला, गाडीखाली स्वतः सरपटत जाऊन गंज दाखवला. तिथेच आम्ही अर्धे विरघळलो. 3 लाख 35 हजारांचा आकडा ठरला. त्यात 200 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी 72 हजारांची, 200 वॅटची दोन सोलर पॅनल, इन्व्हर्टर, 710 मार्काची मरीन प्लाय, गंज काढून झिंक प्रायमर आणि वरून काळं कोटिंग. दोन लाख आधी.

पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "देतो की काकू, पण मग 18 टक्के वर लागतील. उगं कशाला?" मी हिशेब केला, साठ हजार वाचत होते. इथे चूक माझीच आहे, लपवत नाही. ते साठ हजार वाचवण्याच्या नादात कोणती बॅटरी, कोणता सिरीयल नंबर, किती वर्षांची वॉरंटी यातलं काहीच कागदावर आलं नाही. पैसेही ज्या यूपीआयवर पाठवले ते खातं दुकानाचं नव्हतं, कुठल्या तरी बाईमाणसाच्या नावाचं होतं. "घरचंच आहे," म्हणाला.

हे पहिले दोन दिवस गॅरेजवर बसून होते. तिसऱ्या दिवशी त्याने काळजी दाखवली. "काका, एवढ्या उन्हात कशाला बसता, शुगरवाले माणूस तुम्ही. रोज फोटो पाठवतो." आणि फोटो खरंच यायचे. नारिंगी जाड केबल, रांगेत लावलेले फ्यूज, वायरींना नंबरांच्या चिठ्ठ्या. मी ते नातेवाइकांना पुढे पाठवायची, बघा किती सुबक काम. पुढे सगळं उघड झाल्यावर ते फोटो पुन्हा नीट पाहिले. एका फोटोत मागच्या खिडकीला सरकती काच आहे. आमच्या गाडीची मागची काच सीलबंद आहे, कधीच सरकत नव्हती. दुसऱ्याच कुणाच्या गाडीचे फोटो आम्ही महिनाभर कौतुकाने बघत होतो.

दहा दिवसांचं काम 26 दिवसांवर गेलं. ताबा दिला तो अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर. पॅनलिंग सगळं बंद, आत मंद दिवे, गुलाबाचा हार. बॅटरीचा डबा त्याने यांच्या हातात देऊन पाहिला, "22 किलो आहे काका, बघा की वजन!" यांनीही उचलून मान डोलावली. उरलेले पैसे तिथेच उभ्याउभ्या पाठवले.

आता त्या पहाटेकडे येते. इंजिन सुरू करून इन्सुलिन वाचवता आलं असतं, पण किती वेळ चालू ठेवणार? शेवटी पाण्याचा छोटा माठ होता, त्याला ओलं फडकं गुंडाळून कुप्या त्यात ठेवल्या आणि उजाडल्यावर नळदुर्ग गावात बर्फ शोधला. नंतर गाडीत बसून वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. 28 वर्षं फळ्यावर लिहिलेलं तेच सूत्र: व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. लिथियमचा हा प्रकार 12.8 व्होल्टचा. 200 गुणिले 12.8, म्हणजे 2560 वॅट-तास. संध्याकाळी सातपासून चारपर्यंत नऊ तास. पंखे दोन, 25 वॅटचे, म्हणजे 450. फ्रिज थांबून थांबून चालतो, सरासरी 25 धरला तर 225. दिवे-मोबाईलचे 75. बेरीज 750. निम्मीसुद्धा नव्हे, तिसरा हिस्साही वापरला नव्हता, आणि बॅटरी संपली होती. 750 ला 12.8 ने भागलं तर साठ अँपिअर-तासही भरत नाहीत.

मग मीटर 72 टक्के कसं दाखवत होतं? हे मला अंबाजोगाईत आल्यावर माझ्याच एका विद्यार्थ्याने समजावलं. तो वाहनांचं वायरिंग करतो, शाळेत मागच्या बाकावर असायचा. म्हणाला, "बाई, ते मीटर बॅटरीत काय उरलं ते बघतच नसतं. किती करंट बाहेर गेला तेवढंच मोजतं. बॅटरी केवढी ते आपण त्याला सांगायचं असतं. त्यानं 200 टाकून ठेवलंय." म्हणजे मीटर इमानदार होतं, त्याला खोटं शिकवलेलं होतं.

डबा उघडायच्या आधी त्याने मला मोबाईलवर शूटिंग चालू करायला लावलं. पहिल्यांदा बंद डबा, चारही बाजू, स्क्रू. बॅटरी पूर्ण चार्ज करून 55 वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडला आणि शेजारी घड्याळ ठेवलं. 200 ची असती तर बल्ब साधारण 46 तास जळायला हवा होता. तो तेराव्या तासाला विझला. हे त्या पोराचं शहाणपण फार कामाला आलं, कारण गॅरेजवाल्याचं फोनवरचं पहिलं वाक्य होतं, "काकू, तुम्ही डबा उघडला ना? मग वॉरंटी गेली."

झाकण निघालं तेव्हा वर निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले, टॉर्चच्या जाड सेलसारखे गोल सेल होते. मोजले, 48. एक सेल सहा अँपिअर-तासांचा, चार-चार ओळीने जोडून बारा रांगा. ओळीने जोडल्यावर व्होल्ट वाढतात, अँपिअर-तास नाही, म्हणून बारा सक, कोरे करकरीत असते तरी 72. प्लास्टिक सोलल्यावर सेलच्या टोकांवर जुन्या पट्ट्या उपटल्याचे डाग दिसले, म्हणजे आधी कुठल्या तरी गाडीत वापरून झालेले. त्यांचं सगळ्यांचं मिळून वजन सात किलो. मग डबा 22 किलोचा कसा? पोराने खालचा थर्माकोल उचलला आणि हसायलाच लागला. "बाई, ह्यात तर फरशी हाय! काय करायलेत हे लोक."

शहाबादी फरशीचे दोन तुकडे. कडेला सिमेंट तसंच चिकटलेलं. समोरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले, साडेनऊ किलो. आमच्या माहेरच्या ओसरीत हीच फरशी आहे.

पुढचं भराभर सांगते, कारण एकदा धागा हातात आल्यावर सगळं उसवत गेलं. पॅनलची लांबी-रुंदी मोजली, एकेक पॅनल एक चौरस मीटरसुद्धा नाही, पाऊण मीटरच्या आत. ऐन उन्हात एका चौरस मीटरवर हजार वॅट पडतात आणि चांगलं पॅनल त्यातलं वीस-बावीस टक्के वीज करतं. तेवढ्या जागेत 200 वॅट मावतच नाहीत. स्टिकर नखाने उचकटला, खाली कंपनीचा मूळ स्टिकर, 100 वॅटचा. बेसिनखालच्या प्लायचा तुकडा कापून पातेल्यात उकळला. मरीन प्लाय 72 तास उकळली तरी सुटता कामा नये असा दंडक आहे. ही तीन तासांत पदर पदर वेगळी झाली, चिवड्याच्या पोह्यासारखी फुगून. चाकावरचं काळं कोटिंग यांनी स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर स्क्रू ड्रायव्हर पत्र्यातून आरपार गेला. गंज काढलाच नव्हता, झाकला होता.

या सगळ्यावर मी एकवेळ पाणी सोडलं असतं. खरा संताप आला तो वायर पाहून. हजार वॅटचा इन्व्हर्टर 12 व्होल्टवर 80 अँपिअरच्या वर ओढतो. त्याला फोटोतली ती नारिंगी जाड केबल लागते. आमच्या पॅनलिंगमागे घरातल्या गिझरला असते तेवढीशी वायर होती, मध्ये फ्यूज नाही, आणि एका वळणावर तिचं प्लास्टिक वितळून प्लायला चिकटलेलं. त्याच प्लायच्या अलीकडे आमच्या उशा. काही शे रुपयांचा फ्यूज वाचवला त्याने. हे 31 वर्षं माणसं सुखरूप पोचवणारे ड्रायव्हर, त्या वितळलेल्या जागेवर बोट ठेवून बराच वेळ नुसते बसून राहिले.

म्हणून जे कुणी अशी गाडी करून घेणार असतील त्यांनी एवढं करा. पॅनलिंग बंद होण्याच्या दिवशी स्वतः जाऊन आतलं बघा, उन्हात, दिवसाढवळ्या, आणि फोटो स्वतःच्या मोबाईलने काढा. जे झाकलं जाणार आहे त्याचेच पैसे जास्त असतात. बॅटरी घेताना वजन बघू नका, बल्ब लावून तास मोजा. पॅनलला टेप लावा. प्लायचा उरलेला तुकडा मागून घ्या आणि घरी उकळा, हसू दे हसणाऱ्याला. आणि पक्कं बिल घ्याच.

आमच्याकडे बिल नव्हतं, पण यूपीआयची नोंद होती, व्हॉट्सॲपवर त्यानेच टाइप केलेला दरांचा मेसेज होता आणि ते शूटिंग होतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथून त्याला विचारणा गेली, त्याने उत्तरच दिलं नाही. मग वकिलामार्फत नोटीस, आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग. मला वाटत होतं संभाजीनगरला खेटे घालावे लागतील. तसं नाही, 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, म्हणून आमची बीडला आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. नोटीस गेल्यावर त्याने चाळीस हजार परत पाठवले, खाली मेसेज: "काकू, आता विषय संपवा." ते पैसे आम्ही नाकारले नाहीत आणि विषयही संपवला नाही.

विद्यार्थ्याने नवी बॅटरी बांधून दिली, 100 ची, चार चौकोनी सेलांची, एकेक दोन किलोचा. माझ्यासमोर बल्ब लावला आणि आम्ही पाळीपाळीने लक्ष ठेवलं, 23 तास. मजुरी घेईना, तेव्हा यांनी बळेच खिशात कोंबली.

फरशीचे तुकडे वकीलसाहेबांनी जपून ठेवायला सांगितलेत. लुगड्याच्या जुन्या धडप्यात बांधून कपाटात, माझ्या सेवापुस्तिकेच्या शेजारी ठेवलेत. पुढच्या तारखेला बीडला जाताना सोबत न्यायचेत, आणि हे म्हणतात, एसटीनेच जाऊ.